‘चप्पल बसत नाही, पैसे परत द्या’: वारंवार येणाऱ्या तक्रारीचं मूळ कुठे शोधायचं

दर महिन्याला हा मेसेज येतोच. कधी सकाळी चहा ठेवताना, कधी रात्री अकराला. ‘ताई, चप्पल नको, पैसे परत द्या.’ सोबत फोटो असेल किंवा नसेल, कारण दिलेलं असेल किंवा नसेल. घरातून माल विकणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. पोटात गोळा येतो, आधी राग येतो, मग भीती वाटते की आता हा माणूस सगळीकडे आपलं नाव खराब करणार.

आम्ही कोल्हापूरचे. सासरे आणि धाकटे दीर चपला बनवतात. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि दोन मार्केटप्लेसवरच्या ऑर्डर, पॅकिंग आणि तक्रारी गेली सहा वर्षं माझ्याकडे आहेत. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक तक्रारीला वेगळं उत्तर शोधत होते. कुणाला पैसे दिले, कुणाशी वाद घातला, कुणाला पुढच्या खरेदीत सूट दिली. तक्रारी काही थांबेनात. मग एक दोनशे पानी वही घेतली आणि परत आलेल्या प्रत्येक जोडासाठी चार गोष्टी लिहायला लागले: कुठला जोड, ग्राहकाने सांगितलेलं कारण, चप्पल हातात आल्यावर मला दिसलेलं कारण, आणि पैसे कुठे गेले. तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात मेळच नव्हता. ग्राहक लिहितो ‘क्वालिटी खराब’, आणि चप्पल हातात घेतली की कळतं, चपलेचा अंगठा (पायाचं बोट अडकवायचा पट्टा) घट्ट होता. ग्राहक लिहितो ‘साईज चुकली’, आणि विचारल्यावर कळतं, लग्न उरकल्यावर पार्सल पोचलं.

‘पैसे परत द्या’ हे वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं. त्यामागची कारणं मात्र पाच-सहा असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आधी कारण, मग पैशाचं बोलणं, हा क्रम आम्ही धरला आणि तेव्हापासून परतीचा ओघ खरोखर कमी झाला.

पहिल्या तासात काय लिहायचं

तोडगा लगेच निघेलच असं नाही, पण आपला मेसेज कुणीतरी वाचलाय एवढं समोरच्याला कळायला हवं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अशी मुदत आहे. व्यवहारात ४८ तास फार होतात. पैसे भरून बसलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही, की आपण फसवले गेलो असं त्याच्या मनात पक्कं होतं. त्यानंतर तुम्ही कितीही गोड बोला, तो ऐकायला नाही, भांडायला बसलेला असतो.

मी हे लिहिते, जवळजवळ शब्दशः: ‘नमस्कार. तुमचा मेसेज मिळाला. चप्पल मनासारखी मिळाली नाही याचं वाईट वाटलं. तीन गोष्टी पाठवाल का? ऑर्डर नंबर, दिवसाच्या उजेडात काढलेले दोन फोटो (एक वरून, एक तळाचा), आणि नेमकं काय खटकलं ते एका ओळीत. आज संध्याकाळी सातपर्यंत मी पुढचं सांगते.’

सात म्हटलं की सात. सासऱ्यांना विचारायचं राहिलं असेल तरी सातला मेसेज जातो की अजून विचारणं बाकी आहे, उद्या दुपारी सांगते.

तीन वाक्यं मी कधीच लिहीत नाही: ‘आमच्याकडून असं होतच नाही’, ‘आजवर कुणाची तक्रार आली नाही’ आणि ‘तुम्ही आधी नीट वाचायला हवं होतं’. तिसरं वाक्य पुष्कळदा खरं असतं. तरीही लिहू नका. त्या एका वाक्याने मी दोन चांगले ग्राहक कायमचे गमावलेत आणि त्यातल्या एकाच्या घरात पुढे तीन लग्नं होती.

फोन करावा का? वयस्कर ग्राहक असेल किंवा चिडलेला असेल तर जरूर करा, आवाज ऐकला की माणूस निवळतो. पण फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही चप्पल परत पाठवताय, ती मिळाल्यावर दोन दिवसांत पैसे परत करते.’ तोंडी ठरलेलं आठवड्याने दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

माप: निम्म्याहून जास्त तक्रारी इथल्याच

हा भाग सविस्तर लिहिते, कारण चप्पल, ब्लाउज, कुर्ता, अंगठी, बांगड्या, काहीही विकत असाल तरी दुखणं हेच असतं.

नागपूरच्या एका शिक्षिकेने मुलाच्या लग्नासाठी आठ नंबरचा जोड मागवला होता. लग्नाला अकरा दिवस होते. फोटो आला, त्यात टाच तळाच्या मागे बोटभर बाहेर आली होती. खाली लिहिलेलं: ‘आठ म्हणजे आठच पाहिजे ना? तुमचं माप चुकलंय. पैसे परत करा.’ मी त्याच साच्याचा दुसरा जोड घेऊन पट्टीवर ठेवला. तळाची लांबी बरोबर होती. माप चुकलंय हे मला पटत नव्हतं आणि टाच बाहेर आहे हे फोटोत स्वच्छ दिसत होतं.

मग त्यांना बाजूने फोटो काढायला सांगितला. त्यात उलगडा झाला. पायाची बोटं तळाच्या पुढच्या कडेपासून तेवढीच मागे होती. पाय पुढे सरकतच नव्हता. मुलाचा चवडा रुंद, आणि नव्या कोल्हापुरीचा पट्टा कडक असतो, पाय मध्येच अडकला होता. लांबीचा प्रश्नच नव्हता, रुंदीचा होता, आणि रुंदी तर आम्ही विचारलीच नव्हती.

कोल्हापुरी चप्पल वापरणाऱ्याला माहीत असतं की ती पायात बसायला चार-सहा दिवस घेते. पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, घरात रोज पंधरा-वीस मिनिटं घालायची, मग ती पायाचा आकार घेते. पण नवा ग्राहक हे करायला घाबरतो आणि त्याचं घाबरणं योग्यच आहे. घातली की परत घेणार नाहीत, असं त्याला वाटतं. म्हणून मी त्यांना लिहून दिलं: ‘चटईवर किंवा चादरीवर घालून बघा, तळ मळू देऊ नका. पट्ट्याला तेल लावलेलं चालेल. तीन दिवसांत नाही बसली तर मी परत घेईन आणि येण्याजाण्याचा खर्च माझा.’ तीन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, थोडी सैल झाली पण अजून घट्टच आहे. त्याच दिवशी दिरांनी रुंद चवड्याचा जोड काढला, कुरिअरने गेला, लग्नाआधी तीन दिवस पोचला. पहिला जोड परत आला, तळ स्वच्छ होता. पैसे परत करावे लागलेच नाहीत.

त्यानंतर आम्ही नंबरावर ऑर्डर घेणं बंद केलं. आपल्याकडचा नंबर साधारण ब्रिटिश मापाचा. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबरात एका नंबराचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकन नंबर पुरुषांसाठी ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने जास्त. स्पोर्ट्स शूच्या जिभेवर हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि माणूस त्यातला जो आधी दिसेल तो सांगतो. अशात ‘माझा नंबर आठ’ याला काय अर्थ राहतो?

आता ऑर्डर आली की हा मेसेज जातो: ‘कागद जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा. टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि कागदाच्या कडेपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती दोरा गुंडाळा आणि तो दोरा पट्टीवर मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं असेल ते पाठवा. शक्यतो संध्याकाळी मोजा.’ संध्याकाळी का, तर दिवसभर चालून पाय थोडे फुगतात आणि सकाळचं माप रात्री घट्ट होतं.

काही जण कंटाळून माप पाठवत नाहीत, ‘द्या आठच’ म्हणतात. त्यांना एकच ओळ: माप न घेता नंबरावर दिलेला जोड बदलून मिळेल, पण परतीचं कुरिअर तुमच्याकडे. ही ओळ वाचली की बहुतेक जण दोरा शोधायला उठतात.

खर्च कुणी सोसायचा ते आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे मोजण्यात आमची चूक असेल तर दोन्ही बाजूंचं कुरिअर आमचं. ग्राहकाने दिलेल्या मापात चूक असेल तर परतीचं त्याचं, बदली जोड पाठवण्याचं आमचं. जोड १,२०० चा आणि एका बाजूचं कुरिअर ९० रुपये धरा. बदलून देण्यात माझे फार तर १८० जातात आणि विक्री टिकते. तेवढ्यासाठी तीन दिवस मेसेजवर वाद घालायचा, वर खराब रिव्ह्यू घ्यायचा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

रंग आणि फोटो

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा रंग प्रत्येक कातड्यात थोडा वेगळाच उतरतो. तेल लागलं की आणखी गडद होतो. हे आम्हाला रोजचं आहे, पण ठाण्यात किंवा बंगळुरात बसलेल्या ग्राहकाला ते कसं कळणार? त्याने स्क्रीनवर मधाचा रंग पाहिला आणि पेटीतून चॉकलेटी निघाली.

उपाय सोपा निघाला. पॅक करण्याआधी, त्या ग्राहकाला जाणारा नेमका तोच जोड दारात, उन्हात नाही तर सावलीत ठेवून फोटो काढते आणि पाठवते. ‘हा जोड तुमच्यासाठी निघतोय, ठीक आहे ना?’ ‘ठीक’ आल्याशिवाय टेप लावत नाही. मार्केटप्लेसवर असं विचारता येत नाही, म्हणून तिथे फक्त ज्यांचा रंग सारखा येतो तेच दोन नमुने ठेवलेत. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, कातडं हिरवट दिसतं. आणि मोबाइलमधले फिल्टर विसरून जा.

‘फोटोत आणि प्रत्यक्षात थोडा फरक असू शकतो’ ही ओळ सगळेच टाकतात, मीही टाकते. पण छटेच्या फरकापुरतीच ती उपयोगाची. टॅन दाखवून मरून पाठवली तर ती ओळ तुम्हाला वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

पावसाळ्यातली पांढरी बुरशी

जून ते सप्टेंबर आमच्याकडे ही तक्रार हमखास असायची. ‘जुना माल पाठवलाय, बुरशी आलीय.’ माल चार दिवसांपूर्वी शिवलेला असायचा. मग बुरशी कुठून आली? आमच्याच पॅकिंगमधून. भिजू नये म्हणून आम्ही जोड पॉलिथिनच्या पिशवीत घालून पिशवी टेपने बंद करत होतो. कोल्हापूरच्या पावसातली दमट हवा आत कोंडली जायची आणि पार्सल गोदामात तीन दिवस पडलं की काम झालं.

आता जोड आधी दोन दिवस पंख्याखाली, मग कोऱ्या कागदात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, मग खोका, आणि पॉलिथिन फक्त खोक्याच्या बाहेरून. वर्तमानपत्र वापरणं सोडलं. ते ओल धरतं आणि शाईही उतरते.

तरीही एखादी तक्रार आलीच तर उत्तराचा क्रम सांभाळा. बुरशी कोरड्या कापडाने पुसली जाते, चप्पल सावलीत हवेशीर ठेवली की ठणठणीत राहते, हे सगळं खरं आहे. पण पहिल्याच वाक्यात ‘पुसून घ्या’ लिहिलं तर ग्राहकाला वाटतं, खराब माल गळ्यात मारताहेत. आधी लिहा: ‘फोटो पाहिला. बदलून हवी असेल तर बदलून देते, पैसे हवे असतील तर पैसे परत करते.’ मग पुढच्या मेसेजमध्ये पुसण्याचं सांगा. निवड त्याच्या हातात दिली की बरेच जण स्वतःच पुसून बघतात आणि चप्पल ठेवून घेतात.

उशीर

ई-कॉमर्स नियमांत आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. माल सदोष, खोटा किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोचला असेल, तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराला अपवाद आहे तो पूर, संचारबंदी अशा हाताबाहेरच्या कारणांचा. म्हणून ‘तीन ते पाच दिवसांत’ असं सवयीने लिहू नका. तुमच्या कारागिराला लागणारे दिवस, कुरिअरचे दिवस आणि वर दोन, असं मोजून लिहा. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आणखी दोन वाढवा.

आणि विचारा: कशासाठी हवीय, कुठल्या तारखेला? तारीख गाठता येणार नसेल तर ऑर्डर नाकारा. नाकारलेल्या ऑर्डरवरून माझ्याशी आजवर कुणी भांडलं नाही. उशिरा पोचलेल्या ऑर्डरीवरून मात्र लोक रडलेत, आणि त्यांचं रडणं मला पटलंय.

पार्सल मिळालंच नाही, रिकामं निघालं, परत भलतंच आलं

इथे पुरावा लागतो, आणि तो तक्रार आल्यावर तयार करता येत नाही. टेबलावर मोबाइल स्टँडला लावून पॅकिंगचा एकसंध व्हिडिओ काढते: लेबल वाचता येईल असं, मग जोड दोन्ही बाजूंनी, मग खोका बंद, मग काट्यावर वजन. चाळीस सेकंदांचं काम. व्हिडिओ ऑर्डर नंबराच्या नावाने सेव्ह करते आणि तीन महिने ठेवते. शिवाय प्रत्येक जोडाच्या कानाच्या आतल्या बाजूला, पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येणार नाही अशी, पेनने बारीक खूण असते.

परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच करायचं. टेप कापण्याआधी लेबल कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि उघडेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. मार्केटप्लेसवर नुकसानभरपाईचा क्लेम टाकायची मुदत परतीचं पार्सल मिळाल्यापासून मोजकेच दिवस असते, प्रत्येकाची वेगळी. ती मार्केटप्लेसवरच्या आपल्या विक्रेता खात्यात बघून भिंतीवर लिहून ठेवा. माझे दोन क्लेम पुरावा असूनही केवळ तारीख उलटल्यामुळे गेले.

एकदा परतीच्या पार्सलमधून कोल्हापुरीऐवजी झिजलेली रबरी स्लिपर निघाली. हात थरथरत होते, पण चोर ठरवायची घाई केली नाही. गोदामात लेबलं बदलतात, घरातलं दुसरं कुणी चुकीची चप्पल भरून देतं. मी लिहिलं: ‘आम्हाला आलेल्या पार्सलमध्ये ही चप्पल निघाली, व्हिडिओ सोबत आहे. चुकून दुसरी भरली गेली का, एकदा बघाल का?’ चूक झाली असेल तर माणसाला मान न गमावता मागे यायला वाट राहते, आणि लबाडी असेल तर व्हिडिओ पाहून तो गप्प बसतो. त्या वेळी दोन दिवसांनी खरी चप्पल आली.

‘पोचलं’ असं दिसतंय पण ग्राहक म्हणतो मिळालं नाही, अशा वेळी कुरिअरकडून पीओडी, म्हणजे सही किंवा फोटोसकट पोच मागा आणि ग्राहकाला वॉचमनकडे, शेजारी विचारायला सांगा. पुष्कळदा पार्सल तिथेच असतं. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल तर पाठवण्याआधी फोन केल्याशिवाय सोडूच नका. आरटीओ (‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणजे ग्राहकाने न घेतल्यामुळे परत) होऊन आलेल्या पार्सलचं दोन्ही बाजूंचं भाडं आपल्याच माथी बसतं.

पैसे परत करताना

ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, हा आमचा ठाम नियम आहे. ‘माझ्या भावाच्या नंबरवर टाका’, ‘हा क्यूआर स्कॅन करा’ म्हटलं तरी नाही. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर ऑर्डरवरच्या नावाचंच खातं किंवा यूपीआय मागते आणि पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव त्याच्याशी ताडून बघते. पैसे गेले की व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक ग्राहकाला पाठवते. बँकेत चौकशी करायला तोच लागतो, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

तक्रारीच्या आडून फसवणूकही होते. नेहमीची पद्धत अशी: ‘१,२०० ऐवजी चुकून १२,००० गेले, बाकीचे लगेच परत करा’, आणि सोबत स्क्रीनशॉट. मोबाइलवर आलेला मेसेज किंवा स्क्रीनशॉट धरू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक बघा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकायला सांगितलं की पैसे आपल्याकडून जाणार हे पक्कं समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

जीएसटी नोंदणी असेल तर परतीसाठी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढा आणि ती त्या त्या महिन्याच्या हिशेबात घ्या. मार्केटप्लेस जो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच वळता केलेला कर, कापतं (जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे) तो परती वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. तुमच्या परती नीट नोंदलेल्या नसतील तर आकडे जुळत नाहीत आणि वर्षाअखेरीला सीएकडे डोकेदुखी होते.

‘ग्राहक न्यायालयात जाईन’

हे वाक्य आलं की अनेक जण घाबरतात, नाहीतर ‘जा’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही नको. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात (लोक त्यालाच ग्राहक न्यायालय म्हणतात) तक्रार करता येते. म्हणजे गुवाहाटीचा ग्राहक गुवाहाटीतच तक्रार करेल आणि तारखेला उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येईल. त्याआधी तो १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करू शकतो. याच कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं ठळक छापलं म्हणून सदोष मालाच्या बाबतीत सुटका होत नाही.

माल चांगला आहे, वर्णनाप्रमाणे आहे, फक्त ग्राहकाचं मन बदललं, तर गोष्ट वेगळी. तिथे तुमचं आधी जाहीर केलेलं धोरण चालतं, म्हणून ते ऑर्डर घेण्याआधी दिसलं पाहिजे. आमचं सहा ओळींचं आहे आणि प्रत्येक ग्राहकाला पैसे मागण्याआधी जातं. धमकी आली की मी तेच धोरण, माझे आधीचे मेसेज आणि व्हिडिओ एकत्र पाठवते आणि लिहिते: ‘तुम्हाला तक्रार करण्याचा हक्क आहे. त्याआधी मी हे दोन पर्याय देऊ शकते.’ पुढे बोलणं बहुतेक वेळा पर्यायांवरच होतं.

खराब रिव्ह्यू आला तर एकदाच, दोन-तीन ओळींत उत्तर द्या: काय झालं, आपण काय केलं. रिव्ह्यू काढून टाकण्यासाठी पैसे किंवा फुकट माल देऊ नका. आणि स्वतः ग्राहक असल्याचं भासवून चांगले रिव्ह्यू टाकणं विक्रेत्याला नियमानेच मनाई आहे.

एवढं सगळं करूनही एखाद्या वस्तूची तक्रार थांबत नाही. आमचा एक जड, जाड तळाचा, करकर वाजणारा नमुना आहे. सासऱ्यांचा तो सगळ्यात आवडता, त्यांच्या हाताचं काम त्यातच दिसतं. वहीत सलग दोन वर्षं त्याच्या परती सगळ्यात जास्त निघाल्या: जड आहे, आवाज करते, टोचते. गावाकडच्या गिऱ्हाइकाला नेमकं हेच हवं असतं, ऑनलाइन ग्राहकाला सोसत नाही. गेल्या पाडव्याला तो मार्केटप्लेसवरून काढला. आता तो फक्त घरी येणाऱ्याला मिळतो, पायात घालून, दोन पावलं चालून बघितल्यावरच.